गॉडझिला विनोदी नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या राक्षसपटांवरचा लेख वाचला. त्यात 'गॉडझिला' म्हणजे रबरी सूट घालून खेळण्यातली घरं तुडवणारा गमतीशीर प्राणी, असं एका वाक्यात उरकून टाकलंय. ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाने बहुतेक पुढचे रंगीत भाग बघितलेत (सोबतचा फोटोही रंगीतच होता), कारण १९५४ चा मूळ जपानी, ब्लॅक अँड व्हाइट 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव) मी नुकताच पुन्हा बघितला आणि हसू यावं असं त्यात काही सापडलं नाही.

सूट रबरी होता हे मान्य. स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या त्सुबुरायांना 'किंग काँग'सारखं फ्रेमगणिक पुतळा थोडा थोडा हलवून करायला आवडलं असतं पण तेवढा वेळ कुठला, मग शंभर किलोच्या आसपासच्या त्या सूटमध्ये नाकाजिमा हा नट घुसला आणि कॅमेरा जास्त स्पीडने चालवून पडद्यावरची चाल संथ, जड केली. रात्रीच्या अंधारात, आगीच्या उजेडात ते आजही खपून जातं, उलट रंगात असतं तर उघडं पडलं असतं असं माझं मत.

पण खरा मुद्दा सूटचा नाहीच. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली, त्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला, आणि ३ नोव्हेंबरला हा सिनेमा थिएटरात! पहिल्याच सीनमध्ये डेकवर गिटार वाजवत बसलेले खलाशी, लख्ख उजेड आणि बोट खलास. जपानी प्रेक्षकाला वेगळं काय सांगायचं? पुढे हॉस्पिटलात डॉक्टर एका लहान मुलीजवळ गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) धरतो आणि नुसती मान हलवतो. हा कसला विनोद?

ट्रेनमध्ये एक बाई म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत नेमकं हेच गायब, त्याऐवजी रेमंड बर नावाचा नट अमेरिकन पत्रकार म्हणून मध्ये घुसवलाय. ९६ मिनिटांचा सिनेमा ८० वर आणला, तोही नवे सीन घालून, म्हणजे मूळचं किती कापलं बघा.

सगळंच भारी आहे असं नाही, प्रेमाचा त्रिकोण मला तरी कंटाळवाणाच वाटतो. पण त्यातला शास्त्रज्ञ सेरिझावा! (सत्तर वर्षं झाली, आता शेवट सांगायला हरकत नसावी.) राक्षसाला मारेल असं अस्त्र त्याच्याकडे आहे, तरी ते द्यायला तो तयार नाही, कारण एकदा वापरलं की सरकारं ते मागणारच. म्हणून आधी कागद जाळतो आणि मग स्वतःही समुद्रातून वर येत नाही.

पुरवणीत पुन्हा कधी विषय निघालाच तर मूळ जपानी आवृत्ती सबटायटल्ससकट बघून लिहायला सांगा, आणि फोटो तेवढा ब्लॅक अँड व्हाइट टाका.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर