या आठवड्याची आठवण : एक कप्पा, एक सवय

सर्व सदस्यांना नमस्कार. या आठवड्यात अख्खं घर उपसू नका. स्वयंपाकघरातला एकच कप्पा रिकामा करा. मुदत संपलेली पाकिटं आधी बाहेर. 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या डब्यांपाशी हात अडखळतोच. ज्याला झाकण नाही, तो डबा गेला! मोकळ्या जागी, डोळ्यांसमोर फळं ठेवा. बिस्किटं स्टूल घेतल्याशिवाय मिळणार नाहीत अशी वर.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवते. बटाटा त्यात धरत नाहीत (हे ऐकून बरेच जण हिरमुसतील). एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. भरपाई म्हणून उपाशी राहू नका.

रविवारी कप्प्याचा फोटो गटात टाका. अर्धवट आवरलेलाही चालेल.