एआय सहायकाच्या नोंदी वाचायच्या कोणी?

संपादक महोदय,

शेतकऱ्यांचे सातबारा, पीकविमा आणि कर्जाची कागदपत्रे ज्या संगणकावर असतात, त्याच संगणकावर स्वतः फाइल उघडणारा व बदलणारा एआय सहायक आमच्या यवतमाळकडच्या सेवा केंद्रांतही दिसू लागला आहे. त्याने कोणती फाइल केव्हा उघडली, काय पुसले, बाहेर काय पाठवले, याची नोंद ठेवता येते. मात्र ती पुसण्याचा अधिकार सहायकालाच असेल तर तिला पुरावा कसे म्हणावे? नोंदफाइल त्याच्या आवाक्याबाहेरच्या खात्यात ठेवावी आणि त्याने दिलेल्या सारांशावर न विसंबता मूळ नोंदच तपासावी. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, त्या नियमित वाचण्याची जबाबदारी तालुका पातळीवर खरिपाच्या कर्जवाटपापूर्वीच निश्चित व्हावी.

– एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)