स्क्वेअर लेगला कोण उभं आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खेळाडूंच्या मानसिक थकव्याबद्दल क्रीडा पानांवर आता मोकळेपणाने लिहिलं जातं, हे चांगलंच आहे. पण त्याच मैदानावर दोन्ही डाव उन्हात उभा असणारा हौशी पंच त्या मजकुरात कुठे सापडत नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली, आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. गंमत म्हणजे ही संज्ञा नोकरी-व्यवसायाबाहेर वापरू नये, असंही तिथे म्हटलंय. म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुटपुंज्या मानधनावर नाहीतर फुकट उभा राहणारा पंच त्यात धड बसतच नाही. घरचेही तेच म्हणतात, ‘हौसेने जातोस ना, मग कुरकुर कसली?’

थकलेला पंच जास्त चुका करतो, असा समज आहे. मला दिसलंय ते असं, की तो आधी सावध होतो. पायचीतचं अपील आलं की नकारार्थी मान हलवून मोकळा. नाबाद दिल्यावर गोलंदाज चिडतो खरा, पण पुढचा चेंडू टाकायला त्याला वळावंच लागतं. बाद दिलेला फलंदाज मात्र सीमारेषेबाहेर बसून उरलेला डावभर बोलत राहतो. गोलंदाजाचा पाय रेषेच्या पुढे पडलेला दिसतो, पण अटीतटीच्या शेवटच्या षटकात नो-बॉलसाठी हात आडवा होत नाही. धावफलकावर यातलं काहीच उमटत नाही. सामना ‘वादाशिवाय’ पार पडला म्हणून आयोजक खूश, आणि पंचाला मात्र ठाऊक असतं की आज आपण पंचगिरी केलेलीच नाही. व्याख्येतला दुरावा तो हाच. माझ्या मते पाय दुखण्यापेक्षा हे लक्षण जास्त गंभीर आहे.

याचं मूळ एकटेपणात आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत टीव्ही रिप्लेच्या आधारे धावबाद दिला गेलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. तेव्हापासून वरच्या पातळीवर पंचांचा भार वाटला जात आलाय. २००८ मध्ये डीआरएसची, म्हणजे पंचाचा निर्णय रिप्लेवर फेरतपासायच्या पद्धतीची, चाचणी झाली, २०२० पासून पुढच्या पायाचा नो-बॉलही टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे जाऊ लागला. क्लबच्या सामन्यात गोलंदाजाचा पाय, चेंडूची दिशा, बॅटची कड, चेंडूंची मोजणी, सगळं एकाच्या डोक्यावर. वीस षटकांचे दोन डाव पूर्ण झाले तर वैध चेंडूच २४० होतात. आणि स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला, दुसऱ्या पंचाच्या जागी? फलंदाजी करणाऱ्या संघाचाच, नुकताच बाद झालेला, एक हात खिशात घालून उभा असलेला गडी. त्याने यष्टिचीत दिला तर स्वतःचे सहकारी खवळतात, नाही दिला तर समोरचे. मग तो आपल्याकडे बघतो. तिसरा पंच नसला तरी मोबाइलचे कॅमेरे असतातच. रात्री ग्रुपवर क्लिप फिरते आणि झोप उडते.

क्रिकेटच्या कायद्यात म्हटलंय की पंच आपला निर्णय तातडीने बदलू शकतो. ते सोडलं तर दिलेला निर्णय अंतिम. खेळाडूंना हे आम्ही ठणकावून सांगतो, स्वतःला सांगायचं राहून जातं.

‘मनावर घेऊ नका’ या सल्ल्याचा मला तिटकारा आहे. ‘थोडे दिवस सुट्टी घ्या’ हा बरा, पण अपुरा. पाय ताजे होतात आणि पंच परत त्याच एकट्या टोकाला येऊन उभा राहतो. मला उपयोग झाला तो सोबतीचा. सामना संपल्यावर दुसऱ्या पंचाबरोबर दहा मिनिटं बसायचं, अडलेल्या एक-दोन निर्णयांवर बोलायचं आणि विषय तिथेच सोडून निघायचं. दुसरा पंच नसेल तर एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला फोन. क्लिप त्या रात्री उघडायची नाही. एका दिवशी एकच सामना. गोलंदाज धावायला लागला की लक्ष एकवटायचं, चेंडू मृत झाला की सैल सोडायचं. दिवसभर ताणून धरलेलं लक्ष चहापानापर्यंतही टिकत नाही.

आणि कलम ४२ वेळेवर वापरायचं. ऑक्टोबर २०१७ पासून कायद्यातच तरतूद आहे: निर्णयावर उघड नाराजी दाखवणं, अति अपील करणं, अपील करत आक्रमकपणे पंचाच्या अंगावर येणं, हे पहिल्या पातळीचे गुन्हे. आधी संपूर्ण संघाला एकच ताकीद, पुन्हा घडलं की प्रतिस्पर्ध्याला पाच धावा. पंचाला मारहाणीची धमकी देणाऱ्याला तर उरलेल्या सामन्यातून बाहेर काढता येतं. पण एकटा पंच हे करायला धजावत नाही, कारण बहुधा आयोजकच सांगून ठेवतात, ‘साहेब, जरा सांभाळून घ्या.’

फुटबॉलने या बाबतीत पुढचं पाऊल टाकलंय. इंग्लंडमधल्या तळागाळाच्या फुटबॉलमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात. २०२४ च्या युरो स्पर्धेत निर्णयाबद्दल विचारायला फक्त कर्णधाराने पंचाकडे जायचं, असा दंडक होता.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेश अर्जावरच तीन गोष्टी छापाव्यात: दोन्ही टोकांना तटस्थ पंच, बोलायचं ते कर्णधारानेच, आणि कलम ४२ लागू. दुसऱ्या पंचाचं मानधन जड जातं, ही सबब मी खूपदा ऐकली आहे. चषकाची उंची थोडी कमी केली तर त्यातून ते सहज निघेल. या हंगामात जिथे दुसरा पंच नाही, ते सामने मी घेणार नाही, असं संबंधित आयोजकांना कळवलं आहे. दोघांनी होकार दिला, एकाने माझ्या जागी दुसरा माणूस शोधला.

आपला,
एक हौशी क्रिकेट पंच
(कृपया नाव छापू नये.)