शोक लिहायचा, तर ऐकणारेही हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातले माणूस गेल्यावर ‘मन मोकळे करा, रोज थोडे लिहून काढा’ असा सल्ला पुरवण्यांतून आणि समुपदेशनाच्या सदरांतून अलीकडे वारंवार वाचायला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो फार घाईने दिला जातो, आणि लिहिण्याने शोक हलका होत असेल तर तो कशामुळे, याचा विचार त्यात क्वचितच असतो.

या सल्ल्यामागे बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचे प्रयोग असतात. १९८६ साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी राहिल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना अधिक उदास वाटत होते, हे सांगायचे सहसा राहून जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नेदरलँड्समधील संशोधकांनी हीच पद्धत नुकतेच जवळचे माणूस गमावलेल्यांना दिली, तेव्हा ना त्यांचे दुःख कमी झाले, ना डॉक्टरांकडच्या फेऱ्या. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. पेनेबेकर यांनीही पुढे सहभागींचे लेखन तपासले, तेव्हा ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारणाची आणि उमज पडल्याची भाषा वाढत गेली, त्यांना अधिक लाभ झाल्याचे आढळले. नुसते ओतून टाकणे पुरत नाही; सांगता सांगता हकिगत बदलावी लागते, असाच याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे ही गोष्ट प्रयोगशाळेविना ठाऊक होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. त्यांत सासुरवास आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, तसेच आईचे जाणे आणि त्यानंतर परके झालेले माहेरही आहे. ओवी गाणारी बाई कोऱ्या पानासमोर बसत नव्हती. चाल ठरलेली, पहिली ओळ बहुधा आईकडून किंवा आजीकडून आलेली. तिने फक्त त्यात आपले माणूस आणून बसवायचे. ज्या अवस्थेत धड वाक्यही सुचत नाही, त्या अवस्थेत हा तयार साचा केवढा आधार देत असेल! शिवाय ओवीला ऐकणारे होते. दळू लागायला समोर बसलेली जाऊ किंवा नणंद असे. कोणीच नसेल तर खुद्द जाते असे, ज्याला ईश्वर म्हणून हाक मारण्याची रीतच आहे. पिठाची गिरणी आली आणि बाईचे मोठे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण दुःख गाण्याची ती रोजची जागाही त्याबरोबर गेली.

लिखित मराठीत याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण रमाबाई रानडे यांचे आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१च्या जानेवारीत गेले आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आले. शेवटच्या आजाराचे दिवस त्यांनी ज्या संयमाने लिहिले आहेत, तो संयम तेराव्यानंतर लगेच हातात वही देऊन आला असता, असे मला वाटत नाही.

आमच्या विदर्भाचे उदाहरण याहून अलीकडचे आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे एकट्या पडलेल्या स्त्रियांना घेऊन हरीश इथापे यांनी ‘तेरवं’ हे नाटक उभे केले. लेखन श्याम पेठकर यांचे. त्यात काम करणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. जिला गाव अपशकुनी म्हणून सणासमारंभात मागे उभे करते, तिने मंचावर येऊन स्वतःसारखीची कहाणी सांगावी आणि प्रेक्षकांनी ती निमूट ऐकावी, यात वहीत लिहिण्यापेक्षा काही वेगळे घडते. अर्थात नाटक किंवा कविता ही कर्जाच्या प्रश्नाला उत्तर नव्हे, आणि कोणी तशी ती पुढे करू नये.

तसेच ज्याचा शोक अनेक महिने उलटूनही जराही सैल होत नाही, झोप, जेवण, काम सारेच बंद पडते, त्याला वहीपेक्षा डॉक्टरांची गरज असते. मानसिक आरोग्यासाठी दूरध्वनीवर मदत देणाऱ्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा सदरांखाली नेहमी छापला गेला, तर बरे होईल.

माझी सूचना साधी आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७चा कायदा असलेल्या या राज्यात गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ घरातले माणूस गमावलेल्या मंडळींसाठी राखून ठेवावी. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे, ज्याला येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावे. सुरुवातीला एखादी ओळ द्यावी, जशी ओवीला असायची. कोणी भाषण करू नये आणि विचारल्याशिवाय काही छापू नये.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत छायाचित्र, दोन ठरीव ओळी आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची रांग एवढेच असते, तेही पैसे मोजू शकणाऱ्यांचे. आठवड्यातून एकदा वाचकांनी आपल्या गेलेल्या माणसाविषयी लिहिलेल्या मजकुरासाठी विनामूल्य चौकट द्यावी. शब्दमर्यादा दीडशेची ठेवली तरी चालेल. कात्री मात्र शक्यतो शुद्धलेखनापुरतीच चालवावी.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, वर्धा