नुसत्या चांगल्या कामांनी तारण होतं का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की ख्रिश्चनांच्यात म्हणे नुसता विश्वास ठेवला की झालं, मग वागा कसंही. आम्ही नागपूरच्या सदर भागातले जुने मराठी ख्रिस्ती, हे वाचून गप्प राहवलं नाही.

बायबलमधे इफिसकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे ते, की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, विश्वासाने होतं, कर्मांनी नाही, का तर कोणी बढाई मारू नये. पण लगेच पुढचं 10वं वचन सांगतं की आपल्याला घडवलंच सत्कृत्यांसाठी, ते मात्र कोणी वाचतच नाही, आमचेही बरेच जण नाही वाचत. आणि बढाईचं म्हणाल तर थंडीत कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या गेटपुढे जाऊन बघा, एक ब्लँकेट अन् त्याला चार जणांचे हात, वरून त्या म्हातारीलाच म्हणतेत आजी जरा इकडे बघा, चेहरा येऊन नाही राहिला फोटोत. असं पुण्याचं पासबुक देवाला दाखवून स्वर्ग मागायचा का?

मत्तयच्या 25व्या अध्यायात उलटं आहे बघा. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे येशू, म्हणतो मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं, तर ते नीतिमान लोक गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? म्हणजे त्यांनी हिशोबच ठेवला नव्हता. मला तर अख्ख्या बायबलमधे हा प्रश्न सगळ्यात भारी वाटतो.

आता बायबलमधेच याकोब त्याच्या पत्रात सरळ लिहितो की कर्माशिवाय विश्वास मेलेला. जर्मनीचा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला हे पत्र पटलं नाही, 1522 मधे त्याने त्याला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं, अर्थात 1517 ला पैसे घेऊन पापदंडाची माफी विकणारे बघितल्यावर तो भडकणारच. यावरून कॅथलिक अन् ल्यूथरला मानणारे ल्यूथरन शेकडो वर्षं भांडले, शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्गला दोघांनी मिळून सही केली की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, आपल्या लायकीमुळे नाही, आणि चांगली कामं त्यातूनच निघतात.

आपल्या नागपुरातच बघा ना, मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 ला आले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे कर्माने तारण नाही मानणारे पक्के. तरी शाळा काढली, गोंडांची गाणी लिहून घेतली, दगडमातीचा अभ्यास केला. स्वर्गाचं तिकीट पाहिजे म्हणून कोणी एवढं करते का, राजेहो?

राहिला प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या भल्या माणसाचा. त्याच्यावर आमच्यातच एकमत नाही. कॅथलिक चर्चने 1964 मधे म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय येशूची सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं, तेही कृपेनेच. आमच्या कित्येक पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हे मान्य नाही. मला आहे.

– एक वाचक, सदर, नागपूर