गुन्हा उघडकीस आल्यावर वसतिगृहात काय होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला किशोरांच्या वाचनावरचा लेख वाचला. त्यात रहस्यकथांची बोळवण एका वाक्यात केली आहे: वाचनाची सवय लागेपर्यंत चालतील, नंतर मुलांनी पुढे जावं. मला हे पटलं नाही. माझी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात गेली. आधी इंग्रजीची शिक्षिका, मग रेक्टर. त्या अनुभवावरून चार ओळी लिहिते.

यंदा मे महिन्यात नववीतल्या नातीने मॉरीन जॉन्सन या अमेरिकी लेखिकेची पुस्तकं माझ्या गळ्यात मारली. पहिलं 'ट्रूली डेव्हियस', २०१८चं. व्हरमाँट राज्यातल्या डोंगरात एलिंगहॅम अकॅडमी नावाची काल्पनिक निवासी शाळा आहे. एका धनाढ्य माणसाने हुशार मुलांसाठी काढलेली, शिक्षण फुकट. १९३६ साली त्याची बायको आणि लहान मुलगी पळवली जाते. त्याचा छडा लागलेला नाही. आजच्या काळात पिट्सबर्गची स्टीव्ही बेल ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी तेवढ्यासाठीच तिथे प्रवेश घेते आणि तिच्या डोळ्यांदेखत नवे प्रकार घडू लागतात. आजवर अशा शंभर गोष्टी आल्या असतील. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या भागाबद्दल, २०१९च्या 'द व्हॅनिशिंग स्टेअर'बद्दल. (ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.)

पहिल्या भागाच्या शेवटी स्टीव्ही आपल्याच वसतिगृहातल्या एका मुलीवर शाळेतल्या एका मुलाच्या मृत्यूचा सगळ्यांसमोर ठपका ठेवते आणि ती मुलगी तिथून निसटते. दुसरा भाग उघडतो तेव्हा स्टीव्ही शाळेत नसतेच. आईवडिलांनी तिला घरी नेलेलं असतं. हे वाचल्यावर मी नातीला म्हटलं, ही बाई बोर्डिंग जाणते! शाळेत मूल दगावलं की दुसऱ्या दिवशी फाटकासमोर जीपगाड्या लागतात, पेट्या-वळकट्या बाहेर येतात, आणि सुट्टी संपल्यावर कोण परत येतं याची यादी रेक्टर श्वास रोखून बघते. पुढे एक राजकारणी आपल्या मतलबासाठी स्टीव्हीच्या आईवडिलांचं मन वळवतो आणि ती परतते. त्याच इमारतीत, त्याच मैत्रिणींत. निसटलेली मुलगी मग शाळेखालच्या भुयारात सापडते, मेलेली. म्हणजे आपण बोट दाखवलं, ते काही अंशी बरोबरही होतं, आणि त्यातून हे झालं. पोरीला ते घेऊनच रोज सकाळी नाश्त्याला जावं लागतं.

आता माझ्या वसतिगृहातली गोष्ट. मुलगी घरी जाणार असेल तर पालकांची चिठ्ठी आणायची आणि फाटकावरच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम होता. नाव, खोली, कुठे, कोणाबरोबर, गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात पालकाची सही. एकदा अकरावीतली एक मुलगी शनिवारी चिठ्ठी देऊन गेली ती सोमवारी हजेरीलाही नव्हती. आमची धावपळ सुरू झाली. एसटी स्टँडवर माणूस पाठवला, गावी निरोप धाडला. दहावीतली एक अबोल मुलगी रजिस्टरपाशी आली, तिने रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हिचे वडील अंगठा करतात. बँकेच्या कागदावर मी पाहिलंय." रकान्यात निळ्या शाईची लपेटदार सही होती. त्यावरून धागा सुटला आणि मुलगी संध्याकाळपर्यंत सुखरूप मिळाली. तपशील सांगत नाही, ती आता दोन मुलांची आई आहे.

रहस्यकथा असती तर इथे संपली असती. वसतिगृहात ती इथून सुरू झाली. सही ओळखणाऱ्या मुलीच्या शेजारी मेसमध्ये कोणी ताट ठेवीना. तिची बादली नळाखालून सरकवली जायची. रात्री दिवे गेले की कुणीतरी अंधारात खाकरायचं आणि सगळी खोली हसायची. ज्या मुलीचं तिने भलंच केलं होतं, तीही तिच्याशी बोलत नव्हती. दोघींच्या कॉटमध्ये एका पेटीइतकं अंतर. मी कॉट बदलून देते म्हटलं तर दोघीही नको म्हणाल्या. परीक्षा होईपर्यंत हे चाललं. मग एका दुपारी दोघी मिळून गच्चीवर गादी वाळत घालताना दिसल्या. मधे काय झालं, मला कोणी सांगितलं नाही.

शहरातल्या शाळेत चोर पकडणारं पोर संध्याकाळी आपल्या घरी जातं. बोर्डिंगमध्ये ते त्याच चोराबरोबर दात घासतं. म्हणून निवासी शाळेच्या रहस्यकथेत दुसरा भाग हवा आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असतो. नाव सांगावं की गप्प बसावं, हा प्रश्न त्या वयाच्या मुलांपुढे रोज असतो. त्यावर आम्ही शाळेत भाषणं देतो. या अमेरिकी पुस्तकाने भाषण दिलेलं नाही, एवढ्यासाठी तरी मी त्याला मानते. बाकी तक्रारी आहेत. दुसरा भाग बराच काळ १९३६च्या प्रकरणात रेंगाळतो आणि आजच्या खुनांचा निकाल २०२०च्या तिसऱ्या भागावर ढकलतो. माझ्यासारखीला ते चिडवणारंच. नात मात्र खूष होती.

आपल्याकडे असं का नाही? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आम्ही वाढलो, तो अजूनही वाचला जातो. पण त्याची बहुतेक मोहीम नवीकोरी असते, मागच्या मोहिमेचं ओझं पुढे येत नाही. आणि बोर्डिंग तर आपल्याला परकं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढली. साताऱ्यात कर्मवीरांचं शाहू बोर्डिंग १९२४चं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. पाचगणीच्या शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, नवोदय विद्यालयं आहेत. नवोदयमध्ये नववीतली तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. साताऱ्याचा मुलगा हिंदी मुलखातल्या वसतिगृहात, भाषा अर्धवट, ओळखीचं कोणी नाही. इतरांच्या नजरेतून सुटलेलं त्यालाच दिसणार. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून फक्त मुलग्यांची होती. अलीकडे सैनिक शाळांत मुलींना प्रवेश सुरू झाला. तिथल्या पहिल्या तुकडीतल्या मुलीला काही खटकलं तर ती कोणाला सांगेल? लेखकाला याहून जास्त काय द्यायचं?

प्रकाशक म्हणतात, किशोरांसाठी मालिका खपत नाही. खपेल कशी? एक पुस्तक काढायचं, 'लवकरच पुढील भाग' असं मलपृष्ठावर छापायचं आणि मग विसरून जायचं. मुलं एकदा फसतात, दुसऱ्यांदा इंग्रजी पुस्तक उचलतात. आमच्या गावच्या वाचनालयात अशा दोन मराठी मालिकांचे पहिले भाग धूळ खात पडले आहेत.

तेव्हा विनंती अशी. आपल्या पुरवणीत किशोरांसाठी 'क्रमशः' कादंबरी पुन्हा सुरू करा. वसतिगृहात राहिलेल्या एखाद्या तरुण लेखक-लेखिकेला ती द्या आणि दोन्ही भाग लिहून हातात आल्याशिवाय पहिला हप्ता छापू नका. घंटा, हजेरी, चाव्यांचा जुडगा, पालकभेटीचा रविवार, रजिस्टरचे रकाने याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही यावं.

आपली,
एक निवृत्त रेक्टर, सातारा जिल्हा