आजीला पत्र: सिंहांची नाइट ड्युटी

प्रिय आजी, पप्पा, मम्मी,

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर बोलतो आपण, पण आजीला नीट ऐकू येत नाही आणि मध्येच पप्पा मोबाईल ओढून घेतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. मम्मी, आजीला मोठ्याने वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

आजी, तू बॅगेत कोंबलेलं बायबल उशाशी असतं. स्तोत्रं म्हणजे माझ्यासाठी २३ वं, तेही कुणाच्या मातीला गेलं की कानावर पडायचं तेवढंच. इथे कॅनडात हॉस्पिटलच्या नाइटला ब्रेकमध्ये १०४ वं वाचायला लागले आणि आता तेच तेच वाचते. त्यात रात्र पडली की सिंहाचे छावे गर्जना करत देवाकडे खाणं मागतात, सूर्य उगवला की जाऊन गुहेत झोपतात, मग माणूस कामाला निघतो तो थेट संध्याकाळपर्यंत. सरळ ड्युटी चार्टच की! वॉर्डात मी सांगून टाकलंय, मी सिंहांच्या शिफ्टला आहे म्हणून. (निफाडच्या उसातले बिबटेही ह्याच शिफ्टचे, पप्पा, तेव्हा रात्रीचं बाईकवरून फिरू नका.)

३५ वचनांत माणसाच्या वाट्याला फार थोडं आलंय बघ. रानगाढवं ओढ्यावर पाणी पितात, करकोचे झाडावर घरटी करतात, उंच डोंगर रानबकऱ्यांना दिलेत, आणि समुद्रात तो लिव्याथान नावाचा अजस्र प्राणी, तो कशाला केला तर खेळायला! आपल्याला संडे स्कूलमध्ये सगळं माणसासाठी केलंय असंच वाटायचं, इथे रानगाढवाच्या तहानेचीसुद्धा देवाला काळजी. वॉर्डात एखादा पेशंट गेला त्या रात्री हे वाचलं की का कोण जाणे हलकं वाटतं, आपण नसलो तरी ओढा वाहणार, करकोचा येणार, आणि त्याची भीती न वाटता उलट आनंदच होतो.

आता इथली थंडी. सस्कातूनला जानेवारीत नऊच्या सुमारास उजाडतं. परवा ड्युटी लांबली, बाहेर पडले तर मायनस ३०, नाकातले केस कडक, आणि सूर्याच्या डावी-उजवीकडे आणखी दोन सूर्य! लालसर कडेचे, इंद्रधनुष्याचे तुकडे तोडून ठेवल्यासारखे. इथे सनडॉग म्हणतात. हवेत तरंगणाऱ्या बर्फाच्या षटकोनी चकत्यांतून ऊन वाकतं म्हणून दिसतात, हवासुद्धा चमचमत होती. बस येईपर्यंत मी तोंड उघडं टाकून बघत उभी. घरी येऊन १४७ वं काढलं, त्यात देव बर्फ लोकरीसारखं पसरतो, दहिवर राखेसारखं उधळतो, गारा भाकरीच्या चुऱ्यासारख्या टाकतो आणि पुढे विचारलंय, ह्या थंडीपुढे टिकेल कोण? मी म्हटलं, मी तर नाही बाबा. पण लिहिणारा थंडीत कुडकुडलेला माणूस होता हे नक्की.

एक मात्र मला अजून पटत नाही. १४८ व्यात गारांनाही देवाची स्तुती करायला सांगितलंय. वणीच्या काकांना हे ऐकवू नका, ऐन काढणीला आलेली द्राक्षं गारपिटीत गेल्यावर त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणणार! आजी, तुझं काय मत ते कळव, फादरांचं नको. काकांना पाहिजे तर १०४ व्यातलं द्राक्षारसाने माणसाचं मन आनंदित होतं ते सांगा, नाशिककरांना ते लगेच पटेल.

पप्पा, एक काम. नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी आले असतील, रविवारी उपासना झाली की आजीला गाडीत घालून न्या. सकाळी लवकर गेलात तर बरं पण ते तुमच्याने होणार नाही. करकोचे दिसले तर आजीचा त्यांच्याबरोबर फोटो काढा, आणि तिला स्वेटर घाला, तिकडची १० डिग्रीही थंडीच आहे. चिवड्याचं पार्सल मिळालं, अर्धं वॉर्डातल्या फिलिपिनो मैत्रिणींनी संपवलं.

तुमचीच,
पिंकी